काचेच्या तबकडीपासून भ्रमणध्वनीच्या पडद्यापर्यंत : ढोकी-तेर परिसरातील प्रतिमाग्रहण, कर्तन व दर्शन यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

धाराशिव तालुक्यातील ढोकी हे गाव सर्वसामान्यांना दोन कारणांनी परिचित आहे. एक म्हणजे तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना आणि दुसरे म्हणजे लातूर-कुर्डुवाडी लोहमार्गावरील त्याचे स्थान. ढोकीपासून काही किलोमीटर अंतरावर तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. प्राचीन काळी ‘तगर’ या नावाने ओळखली जाणारी ही व्यापारपेठ संत गोरोबाकाकांचेही गाव होय. या लहानशा परिसराचा राजकीय, धार्मिक व आर्थिक इतिहास अभ्यासकांनी बऱ्याच प्रमाणात लिहिला आहे. तथापि या परिसराची ‘प्रतिमा’ कोणी, कोणत्या साधनाने आणि कोणत्या हेतूने टिपली, टिपलेल्या प्रतिमेतील कोणता भाग राखला व कोणता कापून टाकला आणि अखेरीस ती कोणाला दाखविली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न केवळ कलेतिहासाचा नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्र शासनाने ‘ई-पीक पाहणी’ हा प्रकल्प राज्यभर सुरू केला. तेव्हापासून ढोकीच्या शिवारातील शेतकरी आपल्या गटात उभा राहून भ्रमणध्वनीने पिकाचे छायाचित्र घेतो आणि त्या छायाचित्रासह केलेली नोंद सातबाराच्या उताऱ्यापर्यंत पोहोचते. प्रतिमा टिपणे, तिची काटछाट करणे व ती पडद्यावर दाखविणे या संगणकीय आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या रोजच्या तीन क्रिया आहेत. त्या क्रियांचा संबंध आता शेतकऱ्याच्या पीक विम्याशी, कर्जाशी व नुकसानभरपाईशी येऊन पोहोचला आहे. त्यामुळे या तीन क्रियांचा इतिहास एकाच परिसराच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

तेरची पाहणी आणि काचेची तबकडी

छायाचित्रणाची कला युरोपात १८३९ मध्ये जाहीर झाली आणि पंधरा वर्षांच्या आत तिने मुंबईत मूळ धरले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. एल्फिन्स्टन संस्थेत त्याच सुमारास छायाचित्रणाचे वर्ग निघाले आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार पुढे आले. परंतु ही सारी हालचाल मुंबई इलाख्यातील होती. ढोकी-तेरचा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १८५३ च्या तहानंतर काही वर्षे नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला, तेव्हा त्याचा कारभार कर्नल मेडोज टेलर यांच्याकडे होता. टेलर हे स्वतः चांगले चित्रकार होते. पुढे १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन भव्य छायाचित्रग्रंथांचा मजकूरही त्यांनी लिहिला. मात्र ते ग्रंथ विजापूर आणि धारवाड-म्हैसूर येथील वास्तूंचे आहेत. ज्या जिल्ह्याचा कारभार त्यांनी पाहिला, तो नळदुर्ग जिल्हा त्यांचा विषय झाला नाही. निजामाच्या दरबाराने लाला दीनदयाळ यांच्यासारखा थोर छायाचित्रकार पदरी बाळगला हे खरे. पण त्यांचा कॅमेरा प्रामुख्याने राजवाडे, शिकारी, पाहुणे आणि समारंभ यांच्याकडे वळलेला होता. मराठवाड्यातील शेतशिवाराकडे वळण्याचे त्याला कारण नव्हते.

या परिसराकडे पद्धतशीरपणे पाहिले ते पुरातत्त्व खात्याने. जेम्स बर्जेस यांनी धाराशिवच्या लेण्यांची पाहणी करून त्यांचा समावेश बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांवरील १८७८ च्या अहवालात केला. पुढे १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातील तगर म्हणजेच तेर होय, असे साधार प्रतिपादन केले. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून गाड्यांमधून कापड भडोचच्या बंदराकडे जात असे, असे ते प्रवासवर्णन सांगते. फ्लीट यांच्या या शोधाच्या पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी तेरची प्रत्यक्ष पाहणी केली आणि तिचा वृत्तान्त भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात प्रसिद्ध झाला. जॉन मार्शल महासंचालक झाल्यानंतर निघालेल्या वार्षिक अहवालांच्या मालेतील हा पहिलाच खंड होता. त्रिविक्रम मंदिराची विटांची, मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेली वास्तू मुळात चैत्यगृह असावी, हे कझिन्स यांचे निरीक्षण तेव्हापासून भारतीय वास्तुशास्त्राच्या ग्रंथांत वारंवार येत राहिले आहे.

येथे थोडे थांबून त्या काळी प्रतिमा टिपणे म्हणजे काय होते हे लक्षात घेणे आवश्यक आहे. बर्जेस यांच्या पिढीने ‘ओल्या तबकडी’ची पद्धत वापरली. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि थर ओला असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा. थर वाळला की तबकडी निकामी. म्हणून छायाचित्रकाराला लेण्याच्या दाराशीच अंधाऱ्या खोलीचा तंबू उभारावा लागे. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या तबकडीची कल्पना मांडली आणि पुढील दशकात ती बाजारात मिळू लागली. कझिन्स यांच्या पिढीला त्यामुळे तंबूपासून सुटका मिळाली. तबकडी घेऊन जायची, प्रकाश द्यायचा आणि मुक्कामावर परतून ती धुवायची. तरीही काच ती काचच. १९०१ मध्ये कुर्डुवाडीकडून येणारा लहान रुळांचा बार्शी लाईट रेल्वेचा मार्ग बार्शीपर्यंतच होता. तो लातूरला पोहोचला १९११ मध्ये. म्हणजे बार्शीच्या बाजूने तेरला येणाऱ्या माणसाचा पुढचा प्रवास गाडीवाटेचाच होता. काचेच्या तबकड्यांच्या पेट्या घेऊन असा प्रवास करणारा छायाचित्रकार कोणत्या दृश्यावर तबकडी खर्च करावी याचा विचार किती काळजीपूर्वक करीत असेल, याची कल्पना करता येते. त्रिविक्रम मंदिरासमोर उभे राहून एखादी तबकडी वाया घालविणे परवडणारे नव्हते.

या काळातील कर्तनही वेगळ्या प्रकारचे होते. छायाचित्रातील नको असलेला भाग दोन ठिकाणी वगळला जाई. पहिले ठिकाण कॅमेरा रोवतानाचे. मंदिराची वास्तू नजरेत यावी म्हणून कॅमेरा अशा जागी ठेवला जाई की भोवतालची घरे, गोठे व माणसांचा वावर शक्यतो चौकटीबाहेर राहावा. एखादा माणूस मुद्दाम उभा केला जाई, पण तो उंचीचे प्रमाण कळावे म्हणून. त्याचे नाव नोंदविण्याची प्रथा नव्हती. दुसरे ठिकाण छापखान्यातले. पानाच्या मापात बसावे म्हणून छायाचित्राच्या कडा झाकून टाकल्या जात. परिणामी अहवालाच्या पानावर जे तेर दिसते, ते पूजाअर्चा चाललेले, वस्तीने वेढलेले तेर नाही. ते ‘अवशेष’ म्हणून दिसावे अशाच रीतीने टिपलेले तेर आहे. यात कझिन्स यांचा दोष शोधण्याचे कारण नाही. त्यांचे काम वास्तूची नोंद करण्याचे होते आणि ते त्यांनी उत्तम केले. परंतु चौकट कोण आखतो यावर चौकटीत काय येते हे ठरते, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनास उपयोगी आहे.

मूळ प्रत जपण्याचा प्रश्नही तेव्हापासूनच आहे. निजामाच्याच राज्यातील अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर अनेक वर्षे खपून तयार केल्या आणि त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. नक्कल एकच असली आणि ती जळाली, तर श्रमांना काही अर्थ उरत नाही, हा धडा पुरातत्त्व खात्याने त्या घटनेतून घेतला असावा. काचेच्या तबकडीचा एक मोठा गुण असा की तिच्यावरून कितीही प्रती काढता येतात आणि छापताना कडा कितीही कापल्या तरी मूळ तबकडी अखंड राहते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून व परिसरातून गोळा केलेल्या हजारो वस्तू आज तेथील शासकीय संग्रहालयात आहेत. त्या वस्तू पाहणाऱ्याला जुन्या अहवालातील छायाचित्रांशी त्यांचा मेळ घालता येतो, तो या अखंडतेमुळेच.

प्रतिमेचे अंकांत रूपांतर

काचेच्या तबकडीनंतर फिल्म आली आणि तालुक्याच्या गावोगावी फोटो स्टुडिओ निघाले. त्यांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. प्रस्तुत विवेचनासाठी महत्त्वाचे वळण आहे ते प्रतिमा अंकांत साठविण्याचे.

१९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेतील रसेल किर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छायाचित्र प्रथमच संगणकात उतरविले. ते किर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचे होते. त्या प्रतिमेचे मोजमाप १७६ गुणिले १७६, म्हणजे ३०,९७६ बिंदू एवढेच होते. यापेक्षा मोठे चित्र संगणकाला झेपत नव्हते, म्हणून जेमतेम बाळाचा चेहरा आणि खांदे एवढाच भाग घेतला गेला. म्हणजे संगणकीय प्रतिमेचा जन्मच मुळी मर्यादित चौकटीत झाला. चौकोनी बिंदूंची ही रचना आपण स्वीकारली याचा खेद किर्श यांनी उत्तरायुष्यात व्यक्त केला होता. तोवर साऱ्या जगाने ती स्वीकारली होती.

त्यानंतरचे टप्पे परिचित आहेत. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत प्रकाशसंवेदी सीसीडी चकती कल्पिली गेली. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी अंकीय कॅमेऱ्याचा पहिला नमुना जुळविला. त्याची प्रतिमा १०० गुणिले १०० बिंदूंची होती आणि ती कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. पाठोपाठ ब्राइस बायर यांच्या रंगजाळीचे एकस्व १९७६ मध्ये नोंदले गेले. आजच्या बहुतेक भ्रमणध्वनींच्या कॅमेऱ्यांत तीच जाळी वा तिचे रूपांतर आहे. १९९२ मध्ये जेपीईजी हे प्रमाणक ठरले आणि प्रतिमा दाबून लहान करण्याची सर्वमान्य रीत मिळाली. १९९५ मध्ये जपानमध्ये ‘एक्झिफ’ हे प्रमाणक निघाले. त्यानुसार प्रतिमेच्या धारिकेतच छायाचित्र घेतल्याची वेळ, कॅमेऱ्याची स्थिती आणि पुढे ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदण्याची सोय झाली. काचेच्या तबकडीच्या कडेला शाईने लिहिलेला क्रमांक आणि गावाचे नाव यांची जागा या नोंदीने घेतली, असे म्हणता येईल.

मेजावरच्या संगणकावर काम करणाऱ्या आज्ञावलीकाराच्या दृष्टीने प्रतिमेचे कर्तन ही अत्यंत सोपी क्रिया आहे. प्रतिमा म्हणजे ओळी व स्तंभांत मांडलेले अंक. डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती आणि उंची किती हे चार आकडे दिले की त्या चौकोनातील अंक दुसऱ्या जागी उतरवून घ्यायचे. उरलेले सोडून द्यायचे. पूर्वी वृत्तपत्राच्या कचेरीत छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने खुणा करून छापखान्यात पाठवीत, तेव्हा मूळ छायाचित्र परत येई. संगणकावर मात्र कापलेली प्रतिमा मूळ धारिकेच्याच नावाने जतन केली की सोडून दिलेले अंक कायमचे जातात. इंग्रजीत ‘क्रॉप’ या एकाच शब्दाचा अर्थ पीक असाही होतो आणि छाटणे असाही. मराठीने हे दोन अर्थ वेगळे ठेवले आहेत, हे या विषयात सोयीचेच आहे.

ग्रामीण महाराष्ट्रातील सर्वसामान्य माणसाचा अशा आज्ञावलीशी पहिला व्यापक संबंध आला तो ओळखपत्रांच्या निमित्ताने. निवडणूक आयोगाने १९९३ मध्ये छायाचित्रासह मतदार ओळखपत्रांचा निर्णय घेतला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी आधार क्रमांकांचे देशातील पहिले वाटप झाले आणि त्यानंतर गावोगावी संगणक, कॅमेरा व पांढरा पडदा घेऊन नोंदणी केंद्रे बसली. येथे कॅमेरा मेजावरील संगणकाला जोडलेला होता. चेहरा समोर आहे की नाही, प्रकाश पुरेसा आहे की नाही, हे आज्ञावली तपासत असे आणि चेहऱ्याभोवतीची चौकट तीच आखत असे. रांगेत उभ्या राहिलेल्या वृद्ध स्त्रियांना पदर मागे सारून सरळ पाहायला सांगितले जाई, आणि पुष्कळांना आपले छापून आलेले छायाचित्र ओळखू येत नसे. कझिन्स यांच्या काळी चौकट आखणारा निदान माणूस होता. त्याला दोन शब्द सांगता आले असते.

पाहणीचा वारसा

‘पाहणी’ हा शब्द मराठवाड्याच्या महसुली व्यवहारात जुना आहे. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यानंतर तयार झालेली खासरा पत्रके आणि पाहणी पत्रके आजही जमिनीच्या वादांत पुराव्यादाखल काढली जातात. शेतात कोणते पीक उभे आहे हे अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहायचे आणि कागदावर शब्दांत लिहायचे, हे त्या व्यवस्थेचे सूत्र होते. गाव नमुना बारामध्ये तलाठी जी पीक पाहणी नोंदवी, ती याच परंपरेतील. एका तलाठ्याकडे अनेक गावे, त्यामुळे बांधावर न जाता चावडीत बसून मागील वर्षीचीच नोंद उतरविली जाते, ही तक्रार सर्वत्र ऐकू येई. ऊस असलेल्या रानात ज्वारी आणि सोयाबीनच्या रानात पडीक अशी नोंद झाली की त्याचा फटका कर्ज, विमा आणि भरपाई या तिन्ही ठिकाणी बसे.

ई-पीक पाहणीने पाहणारा बदलला. महसूल व कृषी विभागांनी टाटा ट्रस्टच्या सहकार्याने उभारलेल्या या प्रकल्पात शेतकऱ्याने स्वतः आपल्या गटात जाऊन पिकाचे नाव, क्षेत्र व लागवडीचा दिनांक भरायचा आणि छायाचित्र घ्यायचे, अशी रीत ठरली. छायाचित्राबरोबर अक्षांश-रेखांश नोंदले जातात. शिवारात संपर्कजाल नसले तर नोंद भ्रमणध्वनीत साठवून ती नंतर पाठविता येते. २०२२ च्या खरिपापासून आलेल्या सुधारित आवृत्तीत गटाच्या मध्यबिंदूपासून शेतकरी किती दूर उभा आहे हे पडद्यावर दिसू लागले, ४८ तासांत स्वतःची नोंद दुरुस्त करण्याची मुभा मिळाली आणि शेतकऱ्याची नोंद ग्राह्य मानून तलाठ्याने त्यांपैकी दहा टक्के नोंदी पडताळाव्यात असे ठरले. २०२४ मध्ये ही व्यवस्था केंद्र शासनाच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडली गेली. महसुली इतिहासाच्या दृष्टीने हे मोठे स्थित्यंतर आहे. राज्यकर्त्याचा अधिकारी पाहतो आणि रयत पाहिली जाते, हा शतकानुशतकांचा क्रम येथे प्रथमच उलटला.

मात्र हे स्थित्यंतर ज्या साधनावर उभे आहे, त्याचे तांत्रिक स्वरूप दुर्लक्षून चालणार नाही. अँड्रॉइड प्रणालीवर चालणाऱ्या कोणत्याही ॲपला छायाचित्र मिळविण्याचे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे भ्रमणध्वनीत आधीच असलेल्या कॅमेरा ॲपला विनंती करणे. या मार्गात एक खाच आहे. प्रतिमा कोणत्या धारिकेत ठेवावी हे आज्ञावलीकाराने सांगितले नाही, तर कॅमेरा ॲप केवळ अंगठ्याच्या नखाएवढी लहान प्रतिमा परत देतो. मूळ मोठी प्रतिमा हाती येतच नाही. नवख्या आज्ञावलीकारांची येथे हमखास फसगत होते. दुसरा मार्ग म्हणजे ॲपने स्वतःच कॅमेऱ्याचा ताबा घेणे. त्यासाठी २०१४ मध्ये अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीबरोबर एक तपशीलवार पण क्लिष्ट व्यवस्था आली आणि २०१९ मध्ये तिच्यावर आधारित सुलभ ग्रंथालय उपलब्ध झाले. कर्तनाची गोष्ट याहून विचित्र. अनेक वर्षे आज्ञावलीकार कर्तनासाठी एका अलिखित आज्ञेवर विसंबून होते. ती काही कंपन्यांच्या भ्रमणध्वनींवर चाले, काहींवर चालत नसे. कारण ती अधिकृत नव्हतीच.

दर्शनाचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण स्वस्त भ्रमणध्वनी वापरणाऱ्या शेतकऱ्याला तोच सर्वांत जाचक ठरू शकतो. ४००० गुणिले ३००० बिंदूंची प्रतिमा म्हणजे एक कोटी वीस लाख बिंदू. जेपीईजी धारिकेत ती दाबलेली असल्याने लहान दिसते. मात्र पडद्यावर दाखविण्यासाठी ती उलगडली की प्रत्येक बिंदूस चार बाइट याप्रमाणे तिला चार कोटी ऐंशी लाख बाइट इतकी स्मृती लागते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मात्र साधारण दहा ते पंचवीस लाख बिंदूच असतात. म्हणून जाणता आज्ञावलीकार प्रतिमा उलगडतानाच ती लहान करून घेतो. अजाण आज्ञावलीकार पूर्ण प्रतिमा उलगडतो आणि कमी स्मृतीच्या यंत्रावर ॲप अचानक बंद पडतो. शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. त्याला एवढेच कळते की पाहणी ‘होत नाही’ आणि मुदत संपत आली आहे.

दिशेचा घोटाळाही असाच. भ्रमणध्वनीतील प्रकाशसंवेदी चकती एकाच स्थितीत बसविलेली असते. यंत्र उभे धरून छायाचित्र घेतले, तर बहुतेक वेळा प्रतिमा आडवीच साठते आणि ‘ही नव्वद अंशांनी फिरवून दाखवावी’ अशी सूचना एक्झिफच्या नोंदीत लिहिली जाते. ॲपने ती सूचना वाचली नाही की उभा ऊस पडद्यावर आडवा दिसतो. वादळाने ऊस लोळण्याचा अनुभव असलेल्या ढोकीच्या शिवारात अशा प्रतिमेचा अर्थ काय लावला जाईल हे सांगण्याची गरज नाही. याहून गंभीर बाब अशी की कर्तन करून प्रतिमा नव्याने जतन करताना आज्ञावलीकाराने वेगळी काळजी घेतली नाही, तर एक्झिफमधील वेळ आणि ठिकाणाची नोंद गळून पडते. प्रतिमा राहते, तिचा दाखला जातो. पीक पाहणीसारख्या व्यवस्थेत ठिकाणाची नोंद प्रतिमेपासून स्वतंत्रपणे करून ठेवणे आवश्यक ठरते ते यामुळेच.

चौकटीत काय मावते हा कझिन्स यांच्यापुढचा प्रश्न येथेही आहेच. सोयाबीनमध्ये तुरीचे पाटे घेण्याची पद्धत या भागात रूढ आहे. बांधावरून घेतलेल्या छायाचित्रात जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनच डोळ्यांत भरते. तूर तेव्हा लहान असते. ऑक्टोबरनंतर त्याच रानात फक्त तूर उभी दिसते. मिश्र पिकाची नोंद शब्दांत करता येते, पण प्रतिमा तिला दुजोरा देईलच असे नाही. उसाचे तर उलट आहे. फडाच्या कडेला उभे राहून घेतलेले छायाचित्र चार गुंठ्यांच्या उसाचे आहे की चार एकरांच्या, हे त्यावरून कोणालाही सांगता येणार नाही. कझिन्स यांच्या छायाचित्रात प्रमाणासाठी उभा केलेला माणूस होता. पिकाच्या छायाचित्रात तोही नसतो.

प्रतिमा आणि पुरावा

या सर्व तपशिलांना धाराशिव जिल्ह्यात विशेष वजन का आहे, हे २०२० च्या खरिपातील घटनांवरून स्पष्ट होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टी होऊन काढणीला आलेले व काढून टाकलेले सोयाबीन मोठ्या प्रमाणावर नासले. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत अशा नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांत देण्याची अट होती आणि ती देण्याचे एक साधन भ्रमणध्वनीवरील ॲप हे होते. वीज गेलेली, रस्ते पाण्याखाली आणि संपर्कजाल क्षीण अशा स्थितीत ही मुदत पाळणे असंख्य शेतकऱ्यांना शक्य झाले नाही. भरपाई नाकारली गेली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. जिल्ह्यातील तीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांशी निगडित असलेल्या या प्रकरणात खंडपीठाने मे २०२२ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रतिमा वेळेत टिपली व पाठविली गेली नाही म्हणून प्रत्यक्ष नुकसान झालेच नाही असे मानता येत नाही, ही बाब या प्रकरणाने ठळकपणे पुढे आणली. शासकीय यंत्रणेने जागेवर केलेले पंचनामे, म्हणजे पुन्हा डोळ्यांनी पाहून शब्दांत लिहिलेली जुन्या धाटणीची पाहणी, अशा वेळी किती मोलाची ठरते हेही त्यातून दिसून आले.

२०२३ मध्ये राज्यात एक रुपयात पीक विमा देण्याची योजना आली आणि २०२५ च्या खरिपापासून ती मागे घेतली गेली. स्थानिक आपत्तीच्या वैयक्तिक सूचनांवर भरपाई देण्याचा भाग वगळून पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर भर देण्यात आला. म्हणजे एका गटातील एका शेतकऱ्याने टिपलेल्या नुकसानीच्या प्रतिमेचे महत्त्व विम्यापुरते घटले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पुन्हा अतिवृष्टी झाली आणि धाराशिव जिल्ह्यातील भूम व परंडा तालुक्यांना महापुराने झोडपले. अनेक ठिकाणी पिकाबरोबर जमिनीचा वरचा थरही खरडून गेला.

अशा शेताचे पुरानंतरचे छायाचित्र कसे असते? त्यात दगड, गाळ आणि पाण्याचा माग असतो. पीक कोणते होते हे त्यातून कळत नाही. ते सांगू शकते केवळ महिना-दोन महिन्यांपूर्वी त्याच गटात उभे राहून ई-पीक पाहणीसाठी घेतलेले छायाचित्र. शेतकऱ्याने ते घेतले तेव्हा ती एक सक्तीची, कंटाळवाणी नोंद होती. आता तेथे सोयाबीन होते, याचा तोच दृश्य दाखला. हा दाखला पुढे किती वर्षे टिकेल, तो मूळ स्वरूपात राहील की लहान केलेल्या प्रतीच्या रूपात, आणि तो शेतकऱ्याला स्वतःच्या पडद्यावर पुन्हा पाहता येईल की नाही, हे आज्ञावली लिहिताना घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून आहे. तेरच्या काचेच्या तबकड्यांबाबत असे निर्णय घेणारा अधिकारी नावाने ओळखता येतो. अहवालात त्याचे नाव आहे.